लघुपटाच्या वर्गातली प्रगती पडद्यावर दिसतेच का?

चौकट

लघुपट-निर्मितीचा वर्ग मी गेली काही वर्षे घेते आहे. वर्गात प्रत्येक विद्यार्थी वर्षभरात काही छोटे सराव आणि दोन पूर्ण लघुपट करतो, आणि वर्षअखेरीस ते बाहेरून आलेल्या परीक्षकांना दाखवले जातात. या वेळी एका विद्यार्थ्याच्या बाबतीत परीक्षकांचे आणि माझे मत अगदी विरुद्ध पडले. त्याचा पहिला लघुपट दुसऱ्यापेक्षा सरस आहे, म्हणजे वर्षभरात तो मागेच गेला, असे त्यांना वाटले. मला मात्र त्या तुकडीत त्याच्याइतका पुढे गेलेला दुसरा कोणी दिसत नाही. हा मतभेद एकट्या विद्यार्थ्यापुरता नसावा, म्हणून तो येथे मांडते आहे.

पहिला लघुपट एकटेपणावर होता. विषय आधी ठरला होता आणि माणूस नंतर शोधला होता. गच्ची, मावळतीचा प्रकाश, संथ गतीतली चाल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजणारा पियानो, नायकाच्याच आवाजातले निवेदन आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक संदेश, असा सगळा ऐवज त्यात होता. शॉट देखणे होते, हे मी नाकारत नाही. परंतु त्यातला कोणताही शॉट काढून टाकला असता तरी लघुपटाचे काहीच बिघडले नसते, आणि तो माणूस एकटा का आहे, हे निवेदनाने सांगितले नसते तर प्रेक्षकाला कळले नसते.

त्यानंतरच्या सरावांत त्याची बरीच चिडचिड झाली. पहिला सराव एकाच शॉटचा असतो: कॅमेरा ट्रायपॉडवर, हलवायचा नाही, झूम करायचा नाही, संगीत नाही, लांबी सुमारे ५० सेकंद. ही लांबी मी मनाने ठरवलेली नाही. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून जे चित्रपट दाखवले, त्यांतला प्रत्येक जवळपास एवढाच होता, कारण त्यांच्या यंत्रात मावणारी फिल्म सुमारे १७ मीटरची असे. एवढ्या मर्यादेत कॅमेरा कुठे ठेवायचा, कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा, एवढेच निर्णय हातात उरतात. या विद्यार्थ्याने पहिल्यांदा जे आणले त्यात घटना सुरू होण्याआधीच शॉट संपत होता. पुढच्या खेपेला तो एका दारासमोर कॅमेरा लावून थांबला. दारातून येणारा प्रत्येक जण क्षणभर अडखळतो, कारण उंबरठा अपेक्षेपेक्षा उंच आहे, हे त्याच्या लक्षात आले, आणि तो शॉट पाहताना वर्ग हसला. त्याने हसवण्यासाठी काहीही केलेले नव्हते. माझ्या दृष्टीने त्याचे वर्ष त्या दिवशी सुरू झाले.

दुसरा लघुपट साधा आहे. वडील गेल्यानंतर भाऊ आणि बहीण त्यांची अवजारांची पेटी रिकामी करत आहेत. कोणी रडत नाही, वडिलांचा फोटोही दिसत नाही. कोणते अवजार कोणी घ्यायचे यावर थोडे बोलणे होते, आणि बोलण्याच्या ओघात आपल्याला कळते की बहिणीला प्रत्येक अवजाराचे नाव माहीत आहे आणि भावाला एकाचेही नाही. कॅमेरा बहुतेक वेळ पेटीच्या उंचीवर आहे. भाऊ उभा राहिला की त्याचा चेहरा चौकटीबाहेर जातो, बहीण बसलेली असल्यामुळे तिचा चेहरा राहतो. परीक्षकांपैकी एकाने यालाच 'चुकलेली फ्रेमिंग' म्हटले. त्या विद्यार्थ्याने मात्र चित्रीकरणाआधीच्या टिपणात लिहिले होते की या घरात कोण ओळखीचे आहे आणि कोण पाहुणा, हे उंचीने दाखवायचे आहे.

माझा प्रश्न असा आहे की, जे परीक्षक फक्त तयार लघुपट पाहतात, त्यांना ही वाटचाल दिसावी कशी? आणि तशी ती दिसलीच पाहिजे का, की पडद्यावर जे आहे तेवढेच पाहणे हाच न्याय?

---

काटछाट

मी संकलनाचे काम करतो आणि अधूनमधून विद्यार्थ्यांसोबत बसतो, त्यामुळे माझे उत्तर संकलनाच्या टेबलावरून आलेले आहे. विद्यार्थ्याची प्रगती अंतिम प्रतीत शोधणे मी कधीच सोडून दिले आहे. ती पहिल्या कच्च्या जोडणीत आणि अंतिम प्रतीत जे अंतर पडते, त्यात दिसते. नवखा विद्यार्थी पटकथेच्या क्रमाने शॉट लावतो, प्रत्येकाचे दोन्ही टोकांचे थोडे थोडे कापतो आणि काम झाले असे समजतो. त्याची कच्ची जोडणी सात मिनिटांची असेल तर अंतिम प्रत साडेसहा मिनिटांची निघते. जो शिकला आहे त्याच्या बाबतीत दृश्यांची अदलाबदल झालेली असते, एखादे दृश्य पूर्ण गेलेले असते, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे ज्या शॉटसाठी सगळ्यांनी सर्वाधिक कष्ट घेतले तो शॉट बहुधा गेलेला असतो. चित्रीकरणाच्या वेळी काय सोसले याच्याशी प्रेक्षकाचा काही संबंध नाही, हे पोटात उतरायला वेळ लागतो.

कट कुठे करायचा यासंबंधी वॉल्टर मर्च या संकलकाने सहा निकष सांगितले आहेत आणि त्यांना टक्केवारीही दिली आहे. त्यात भावनेला ५१ टक्के, कथेला २३ आणि लयीला १० टक्के आहेत, तर पात्रे जागेत कुठे उभी आहेत याच्या सातत्याला सर्वात खाली, केवळ ४ टक्के. आकडे अर्धे गमतीने दिलेले असले तरी क्रम गंभीर आहे. विद्यार्थी नेमके उलट्या क्रमाने जातात. मागच्या शॉटमध्ये पेला उजव्या हातात होता आणि आता डाव्या हातात आहे, यावर ते तासभर घालवतात. त्या कटमुळे पात्राच्या मनातले काही कळले का, हा प्रश्न त्यांना सुचतही नाही. ज्या दिवशी एखादा विद्यार्थी म्हणतो की 'पेला चुकला आहे, पण हा टेक ठेवू, कारण यात ती खरोखर ऐकते आहे,' त्या दिवसाची मी वाट पाहत असतो.

म्हणून माझी सूचना अशी की परीक्षकांना दोन प्रती दाखवा: पहिली जोडणी आणि अंतिम प्रत. मध्ये विद्यार्थ्याला बोलू देऊ नका.

---

रूमटोन

आपण सगळे चित्राविषयीच बोलतो आहोत, म्हणून ध्वनीच्या बाजूने थोडे. पहिल्या लघुपटात पियानो अखंड वाजत होता, हे वाचून मला काहीच आश्चर्य वाटले नाही. सलग संगीत ही बहुतेक वेळा सौंदर्याची निवड नसते, खाली पंख्याचा, रहदारीचा आणि कपड्यांच्या घर्षणाचा जो आवाज मुद्रित झालेला असतो, त्यावर अंथरलेली ती चादर असते. फोन किंवा कॅमेऱ्यातला माइक पात्रापासून लांब असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा आणि पार्श्वभूमीचा गोंगाट मात्र तितकाच राहतो, आणि मग आवाज नंतर वाढवला तर सगळेच एकत्र वाढते. हे सूत्र पाठ करून कोणी शिकत नाही. माइक काठीवर लावून पात्राच्या डोक्यावर, चौकटीच्या जेमतेम बाहेर धरून बसल्यावर, आणि नंतर हेडफोनमध्ये दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून ऐकल्यावर ते कळते.

माझी कसोटी अगदी छोटी आहे. चित्रीकरण संपल्यावर, सगळ्यांना घरी जायची घाई असताना, विद्यार्थी स्वतःहून 'थांबा, अर्धा मिनिट कोणी हलू नका' असे म्हणून त्या खोलीची रिकामी शांतता मुद्रित करतो का? ती शांतता नसेल तर प्रत्येक कटवर पार्श्वभूमीचा आवाज तुटतो आणि प्रेक्षकाला, कारण न कळताही, खटकते. जो विद्यार्थी ती मागतो तो चित्रीकरणाच्या जागीच मनात संकलन करू लागलेला असतो. चौकट, तुमच्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या लघुपटात अवजारांचे आवाज कसे आहेत, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

---

मधला बाक

चर्चा चांगली आहे, पण मला एक गोष्ट खटकते आहे. आपण 'विद्यार्थ्याचा लघुपट' असे म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे दिग्दर्शकच असतो. लघुपट मात्र सहा-सात जणांनी केलेला असतो. मी शाळेत शिकवतो आणि गटकामात नेहमी हेच पाहतो की ज्याच्याकडे बरा फोन आहे तो छायाचित्रकार होतो, ज्याच्याकडे लॅपटॉप आहे तो संकलक होतो, जो मोठ्याने बोलतो तो दिग्दर्शक होतो, आणि उरलेली मुले प्रकाश पात्रांवर परतवण्यासाठी पांढरा थर्माकोल धरून उन्हात उभी राहतात. वर्षअखेरीस दिग्दर्शक झालेल्या मुलाची प्रगती सगळ्यांना दिसते. थर्माकोल धरणाऱ्या मुलीने काय शिकले हे कोणी विचारत नाही, आणि बहुतेक वेळा तिने काही शिकावे अशी सोयच केलेली नसते.

दुसरे असे की मुलाने संयत, अबोल लघुपट केला म्हणजे तो प्रगल्भ झाला, हे समीकरण मला घाईचे वाटते. कदाचित त्याला एवढेच कळले असेल की या वर्गात काय केले की शिक्षिकेला आवडते.

---

चौकट

रूमटोन, अवजारांचे आवाज त्याने चित्रीकरणानंतर वेगळे मुद्रित केले. पान्याचा पेटीच्या पत्र्यावर होणारा आवाज प्रत्यक्षात फार कर्कश होता, म्हणून त्याने पेटीच्या तळाशी फडके ठेवून तो पुन्हा घेतला, आणि फक्त शेवटचे अवजार ठेवताना फडके काढले. हे त्याने टिपणात लिहिलेले नव्हते. मी विचारल्यावर सांगितले.

मधला बाक, तुमचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आमच्याकडे कामे फिरती ठेवतो, म्हणजे ज्याने एकदा दिग्दर्शन केले त्याला पुढच्या वेळी दुसऱ्याच्या लघुपटात ध्वनी, प्रकाश किंवा कंटिन्युइटी (एका शॉटमधल्या वस्तू, कपडे, हालचाली पुढच्या शॉटशी जुळतात का, याची नोंद) सांभाळावी लागते. याच विद्यार्थ्याविषयी सांगायचे तर त्याच्यात पडलेला सर्वात मोठा फरक तो एका मैत्रिणीच्या लघुपटात ध्वनी सांभाळत असताना पडला, असे माझे निरीक्षण आहे. दिग्दर्शक म्हणून तो नटांना 'आणखी दुःखी दिसा' असे सांगत असे. हेडफोन लावून दुसऱ्याच्या नटांचे श्वास ऐकल्यावर त्याला कळले की नटाला असे काही सांगितले की आवाज ताठर होतो, आणि 'ती पेटी जड आहे, सावकाश उचल' असे सांगितले की चेहरा आपोआप बदलतो. तरीही शंभर टक्के फिरती कामे मला योग्य वाटत नाहीत. एखाद्या विद्यार्थिनीला प्रकाशाची खरी ओढ असेल तर तिला प्रत्येक वेळी दुसरीकडे ढकलणे हाही अन्यायच.

---

मागची रांग

मी अशाच एका वर्गात विद्यार्थी होतो आणि आता या क्षेत्रात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. मधला बाक यांनी म्हटले ते आमच्या वर्गात अक्षरशः घडले होते. आमच्या शिक्षकांना पार्श्वसंगीत आवडत नसे. वर्ष संपेपर्यंत आम्ही सर्वांनी संगीत सोडले, संवाद कमी केले, शॉट लांबवले, आणि पात्रांना खिडकीबाहेर बघायला लावले. संथ गतीतली गच्ची गेली आणि तिच्या जागी खिडकी आली. दोन्ही उसन्याच गोष्टी होत्या. दुसरी जरा उच्चभ्रू होती इतकेच.

मला खरा फायदा झाला तो एका नियमाचा. लघुपट दाखवल्यानंतर करणाऱ्याने गप्प बसायचे, आणि बाकीच्यांनी आवडले की नाही हे न सांगता, काय घडले तेवढेच सांगायचे: कोण आहे, कुठे आहे, त्याला काय हवे आहे, शेवटी काय बदलले. माझ्या लघुपटात मला जी आई वाटत होती ती अर्ध्या वर्गाला मोठी बहीण वाटली, आणि जो पश्चात्ताप मी दाखवला होता तो कोणालाच दिसला नव्हता. मी हात वर करून समजावू लागलो तेव्हा मला थांबवण्यात आले. ते गप्प बसणे फार जड गेले. परंतु त्यानंतर मी कॅमेरा लावताना पहिल्यांदाच समोर बसलेल्या अनोळखी माणसाचा विचार केला, आणि जे त्याआधी मी स्वतःसाठी लिहीत होतो ते दुसऱ्यासाठी लिहू लागलो. आता माझे काम अहवाल लिहिण्याचे आहे आणि ती सवय तिथेही उपयोगी पडते.

चौकट, तुमच्या विद्यार्थ्याने पेटीच्या उंचीचा जो निर्णय घेतला तो वर्गातल्या किती जणांना न सांगता जाणवला? जाणवला असेल तर परीक्षक चुकले. एकालाही जाणवला नसेल तर टिपण कितीही चांगले असले तरी परीक्षकांचे म्हणणे पूर्णपणे टाकून देता येणार नाही.

---

काटछाट

मागची रांग यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी सहमत, आणि यासाठी एक जुना सराव उपयोगी पडतो. क्रांतीनंतरच्या रशियात कच्च्या फिल्मचा तुटवडा होता. मॉस्कोच्या चित्रपट-शाळेत लेव्ह कुलेशोव्ह यांच्या गटाने त्या काळात फिल्म न वापरताच नाट्यरूपात चित्रपटांचे सराव केले. त्यांचा अधिक प्रसिद्ध प्रयोग म्हणजे एका नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या शॉटांना जोडणे: सूपाचा वाडगा, शवपेटी, एक स्त्री. पाहणाऱ्याला त्या एकाच चेहऱ्यावर भूक, शोक आणि अभिलाषा असे निरनिराळे भाव दिसतात. विद्यार्थ्यांना हा प्रयोग नुसता सांगितला तर ते माना डोलावतात. स्वतःच्या मित्राचा चेहरा घेऊन करायला लावला, आणि प्रेक्षक म्हणून दुसऱ्या वर्गातली मुले बसवली, तर निम्म्या वेळा तो फसतो, कारण चेहरा खरोखर निर्विकार नसतो, किंवा नजरेची दिशा जुळत नाही, किंवा दोन शॉटांतला प्रकाश वेगळा असतो. फसण्याची ती कारणे शोधण्यातच अर्धा अभ्यासक्रम होऊन जातो.

पेटीच्या लघुपटावरही हेच करून पाहता येईल. तेच दृश्य उभ्या माणसाच्या उंचीवरूनही घेतलेले असेल तर त्याची दुसरी जोडणी करा, आणि ज्यांनी काहीच पाहिलेले नाही अशा दोन गटांना एकेक प्रत दाखवा.

---

चौकट

उभ्या उंचीवरचे शॉट आहेत; खबरदारी म्हणून त्याने दोन्ही घेतले होते. वर्गाच्या बाबतीत सांगायचे तर आमच्याकडेही गप्प बसण्याचा नियम आहे. उंचीचा उल्लेख त्या दिवशी कोणीही केला नाही. मात्र 'भाऊ त्या घरात राहत नसावा' असे बहुतेकांनी सांगितले, आणि लघुपटात तसा एकही संवाद नाही. मागची रांग यांचा प्रश्न मी असा वाचते की युक्ती ओळखली जाणे महत्त्वाचे नाही, तिचा परिणाम पोहोचणे महत्त्वाचे. तसे असेल तर माझा कौल अजूनही विद्यार्थ्याच्याच बाजूने आहे. दुसरीकडे, तो माझी आवड ओळखून वागला असण्याची शक्यता मी नाकारू शकत नाही, आणि ती तपासण्याचा एकच मार्ग मला दिसतो: पुढच्या सरावात त्याला संगीत, निवेदन आणि संथ गती या तिन्ही गोष्टी सक्तीच्या करायच्या. जे सोडले ते समजून सोडले असेल तर ते समजून वापरताही आले पाहिजे.

परीक्षकांपुढे यापुढे तीन गोष्टी ठेवायच्या असे मी ठरवले आहे: चित्रीकरणाआधीचे एका पानाचे टिपण, पहिली जोडणी आणि अंतिम प्रत. वर्गाने गप्प बसलेल्या विद्यार्थ्यासमोर जे सांगितले त्याची नोंदही ठेवेन, पण ती परीक्षकांनी आपले मत लिहून दिल्यानंतरच त्यांना देईन. इतर कामे करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकाने आपल्या विभागातला एक निर्णय आणि त्याचा एक पर्याय दाखवावा, असे चालेल का? ध्वनी आणि संकलनासाठी हे सोपे आहे. कंटिन्युइटी सांभाळणाऱ्याने काय दाखवावे, हे मात्र मला सुचलेले नाही. शिवाय, सगळ्या प्रती साठवायच्या तर जागा फार लागेल.

---

काटछाट

मूळ चित्रफिती वर्षानुवर्षे ठेवण्याची गरज नाही. प्रत्येक टप्प्यावर कमी रिझोल्यूशनची एक प्रत काढा, तिच्या कोपऱ्यात टाइमकोड, म्हणजे प्रत्येक चित्राची वेळ दाखवणारे आकडे, दिसू द्या आणि फाइलच्या नावात तारीख घाला. टाइमलाइनची, म्हणजे कोणता शॉट कुठे आणि किती लावला याची, फाइल तर अगदीच लहान असते, तीही सोबत ठेवा. कंटिन्युइटीसाठी त्या विद्यार्थ्याची नोंदवही मागवा आणि संकलकाला तिच्यातली कोणती नोंद प्रत्यक्ष कामी आली, हे संकलकाकडूनच लिहून घ्या.

---

मधला बाक

आणि थर्माकोल धरणारीला विचारा की दुसऱ्या टेकला तिने तो का हलवला.